डोक्याच्या अन् मानेच्या नसा: दवाखान्याच्या बाकावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना आहे. बाहेर एक बाक, बाकावर दहा माणसं, अन् दहातल्या आठ जणांची "नस" कुठंतरी दबलेली, आखडलेली नाहीतर सरकलेली. तेच तेच प्रश्न रोज येतात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. मी गोळ्या लिहून देत नाही, पण कोणाला घरचा व्यायाम सांगायचा अन् कोणाला आत्ताच्या आत्ता गाडीत घालायचं हे ठरवायची पाळी माझ्यावर नेहमी येते, तर त्याच नजरेनं वाचा.

नस नस म्हणता, ते रक्ताची का दुसरी?

दुसरी. सगळा घोळ इथूनच सुरू होते. सलाईन लावतात ती रक्ताची, तिला शीर म्हणा. मी बोलतोय ती शाळेच्या पुस्तकातला मज्जातंतू, म्हणजे डीपीवरून वावरातल्या मोटरीपर्यंत गेलेली वायर समजा. डीपी म्हणजे मेंदू, मोटर म्हणजे स्नायू. आता मोटर बंद पडली तर दोष डीपीत असू शकते, वायरीत असू शकते, मोटरीच्या जोडावर असू शकते नाहीतर मोटरच जाम झालेली असते, अन् वायरमनला न दाखवता नुसती मोटर उघडून बसलात तर दिवस वाया. डोक्याच्या नसांचं असंच आहे, "नस गेली" म्हणून भागत नाही, दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहावं लागते.

डोक्यात अशा नसा किती?

बारा जोड्या. मेंदूतून निघून कवटीच्या भोकांतून बाहेर येतात, पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या ३१ जोड्या वेगळ्या. बारा हा आकडाही काही एका दिवसात ठरला नाही, जुन्या काळात गॅलेननं सात मोजल्या, १६६४ साली विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरनं नऊ, अन् १७७८ मध्ये जर्मनीच्या झ्योमरिंगनं बारा मोजल्या तेच आजवर चालू आहे.

पहिली वासाची, दुसरी नजरेची. तिसरी, चौथी अन् सहावी मिळून बुबुळ फिरवतात, पैकी तिसरी पापणीही उचलते. पाचवी चेहऱ्याची जाणीव अन् चावायची ताकद, सातवी चेहऱ्याचे हावभाव, आठवी ऐकणं अन् तोल. नववी घशाची, दहावी आवाजाची अन् पार पोटापर्यंत जाणारी, अकरावी मान वळवायची अन् खांदा उचलायची, बारावी जिभेची. डॉक्टर जेव्हा "जीभ काढा, डोळे मिटा, गाल फुगवा, खांदे उचला" म्हणतात तेव्हा लोकांना वाटते टाइमपास चालू आहे, तर बाप्पा, ती पाच मिनिटांत बारा वायरींची तपासणी चालू असते अन् त्याला एक रुपया लागत नाही.

सकाळी उठलो तर तोंड वाकडं, चूळ भरली तर पाणी एका बाजूनं सांडते. वारं लागलं का?

हा माझ्याकडचा एक नंबरचा प्रश्न. एसटीच्या खिडकीत बसलो, कूलरसमोर झोपलो, म्हणून वारं लागलं असं सगळेच सांगतात. वाऱ्यानंच होते असं सिद्ध झालेलं नाही. होते काय, तर सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते, तिथं ती सुजते (विषाणूवर जास्त संशय आहे), बोगदा हाडाचा असल्यामुळं सुजायला जागा नाही, मग ती स्वतःच्याच सुजेनं आवळली जाते अन् त्या बाजूचा अख्खा चेहरा लोंबतो. डोळा मिटत नाही, कपाळाला आठ्या पडत नाहीत, चव बदलते, त्या कानाला डीजेचा आवाज जरा जास्तच टोचते. याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून. शुगरवाल्यांना अन् गरोदर बायांना जास्त होते.

दोन कामं घाईची. एक, तीन दिवसांच्या आत, म्हणजे ७२ तासांत, डॉक्टरकडून स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू व्हायला पाहिजे, त्यानंतर सुरू केल्या तर तितका फायदा दिसत नाही. स्टेरॉईड नाव ऐकून घाबरू नका, कोर्स थोड्या दिवसांचा असते, फक्त शुगर असेल तर आधी सांगा. दुसरं, डोळा. मिटत नाही म्हणून कोरडा पडते, त्यात आपल्याकडची धूळ, सोयाबीन काढायच्या दिवसांत तर विचारूच नका, बुबुळाला जखम झाली तर चेहरा सरळ होऊनही नजर जाते. दिवसा थेंब अन् चष्मा, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीनं बंद करा.

बाकी धीर धरा. दहातले सात जण बिनऔषधाचेही पूर्ण बरे होतात, औषधानं त्याहून जास्त, बहुतेकांना तीन आठवड्यांत फरक दिसायला लागते, काहींना सहा महिने लागतात. कानात पाण्यानं भरलेले बारीक फोड असतील अन् कान सणसणून दुखत असेल तर मात्र ती नागीण असू शकते, ती वेगळी अन् जास्त चिवट, ते डॉक्टरला मुद्दाम दाखवा.

मंग शॉक द्यायची मशीन काहून नाही लावत तुम्ही? दुसरीकडं लावतात.

लावतात, दिवसाचे पैसे घेऊन लावतात. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं फायदा होते असा भरवशाचा पुरावा नाही म्हणून मी लावत नाही, गिऱ्हाईक जाते तर जाऊ द्या. आरशासमोर हळूहळू भुवई उचलणं, ओठ गोल करणं, चांगल्या बाजूला हातानं आवरून धरणं, एवढं पुष्कळ आहे. जोर लावून गाल फुगवत बसू नका, च्युइंगम तर नाहीच. नस परत वाढताना तार चुकीच्या जागी जुळू शकते, मग डोळा मिटला की तोंड ओढलं जाते, अन् एखाद्याला जेवायला बसलं की डोळ्यातून पाणी येते, कारण लाळेची तार अश्रूच्या ग्रंथीला जाऊन भिडलेली असते. माझ्याकडं एक आजी येतात, त्यांची सून म्हणते भाजी कशी बी करा, सासूबाई रडतेच.

लकवा अन् हे, दोन्हीत तोंड वाकडंच. घरच्या माणसानं ओळखायचं कसं?

कपाळ पाहा. "भुवया वर करा" म्हणा. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून लाईन आलेली असते, म्हणून मेंदूत बिघाड झाला, म्हणजे डीपी उडाली, तरी कपाळाला दोन्हीकडं आठ्या पडतात अन् फक्त खालचं तोंड वाकडं होते. वायरच गेली असेल, म्हणजे बेल्स पाल्सी, तर कपाळही सपाट. म्हणजे उलटंच आहे: ज्याचा चेहरा जास्त भयंकर दिसते तो बहुधा कमी धोक्यात, अन् ज्याचं जरासंच ओठाचं टोक खाली आलंय त्याला आधी उचला.

पण एकट्या कपाळावर विसंबू नका, मेंदूच्या देठात झटका आला तर कपाळही जाते. हात वर धरून राहतो का, बोलणं जड झालं का, एकाचे दोन दिसतात का, चालताना तोल जाते का, यातलं एकही असेल तर १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येते अन् त्याआधी सीटी स्कॅन लागते, आपल्या इथून मोठ्या दवाखान्यात पोचायलाच दीड-दोन तास जातात, म्हणजे उरले किती ते मोजा. रात्री झोपताना चांगला होता अन् सकाळी असा दिसला तर झोपायची वेळ डॉक्टरला सांगा, ते घड्याळ तिथून धरतात.

रानकबुतराचं रक्त चोळायला नेणारे अजूनही आहेत. मी भांडत नाही, फक्त म्हणतो आधी सीटी करा, कबुतर कुठं पळून चाललं नाही. तसं ते पळालं तर बरंच.

दोन दाढा काढल्या तरी गालात करंट बसते. अजून कोन्ती काढायची?

थांबा, तिसरी काढू नका. हे आमच्या मामाच्या बाबतीत झालंय म्हणून जरा पोटतिडकीनं लिहितो. उजव्या गालात विजेचा झटका बसल्यासारखं, काही सेकंद, फार तर दोन मिनिटं, मग एकदम शांत, अन् दाढी करताना, ब्रश लावताना, गार वारा लागला, पहिला घास चावला की परत. एका ठिकाणी तीन चांगल्या दाढा काढल्या, पैसे घेतले, दुखणं तिथंच. नऊ महिन्यांनी मेडिकल कॉलेजात एका शिकाऊ डॉक्टरनं बोलण्यावरूनच ओळखलं.

ही पाचवी नस. हिच्या तीन फांद्या, कपाळाकडं, गालाकडं अन् जबड्याकडं, दातांची जाणीव खालच्या दोन फांद्यांत असल्यामुळं माणसाला दाढच दुखते असं वाटते, माणूस खोटं बोलत नाही. बऱ्याच वेळा मेंदूच्या देठापाशी एक रक्ताची नळी या नसेला घासत असते, घासून घासून वरचं कव्हर जाते अन् वायर स्पार्क मारते. पन्नाशीनंतर जास्त, बायांत जास्त, उजवीकडं जास्त.

साध्या दर्दच्या गोळीनं हे थांबत नाही, कार्बामाझेपिन नावाची मिरगीची गोळी लागते, अन् ती लागू पडली की माणूस दोन-तीन दिवसांत नीट जेवतो. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडं जा, अन् मधून मधून रक्त तपासायला सांगतात तेही टाळू नका. गोळीनं भागलं नाही तर ती नळी बाजूला करायचं ऑपरेशन आहे.

सावजी रस्सा तिखट लागते तेही जिभेच्या चवीच्याच नसेनं का?

नाही, अन् हा प्रश्न विचारणाऱ्या पोट्ट्याला मी चहा पाजला. तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेच्या पुढच्या भागातून सातवी नस नेते अन् मागच्या भागातून नववी. तिखटाची जाळ जाते पाचव्या नसेतून, जी उष्णतेची अन् दुखण्याची खबर देते. मिरचीतला कॅप्सेसिन ज्या ठिकाणी जाऊन बसते ते ठिकाण मुळात गरमीनं चालू होणारं आहे, म्हणून मेंदूला वाटते तोंड पोळलं, मग नाकाडोळ्यातून पाणी काढून तो आग विझवतो. भिवापुरी मिरची डोळ्याला लागली तर झोंबते, डोळ्याला काय चव असते का? तीच पाचवी नस. कांदा चिरतानाही तीच.

फवारणी करून आला अन् लाळ गळून राह्यली, बुबुळातला काळा ठिपका टाचणीएवढा झाला. उन लागलं असंन?

उन नाही, औषध लागलंय, पुढचं वाचायच्या आधी गाडी बोलवा.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली डोक्याच्या वर गेली होती अन् औषध तोंडावर उडत होतं. त्यात मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचं नाव आलं होतं. या जातीची औषधं वायर तोडत नाहीत, ती जोडावर काम करतात. नसेच्या टोकातून एक रसायन निघते, काम झालं की शरीर ते लगेच पुसून टाकते, हे विष ते पुसणाऱ्यालाच बांधून ठेवते. म्हणजे बटन दाबलेलंच राहते. तिसऱ्या नसेचं दाबलेलं राहिलं म्हणून बाहुली टाचणीएवढी, सातव्या-नवव्याचं म्हणून लाळ अन् डोळ्याला पाणी, दहाव्याचं म्हणून नाडी मंद अन् छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. ॲट्रोपिनची इंजेक्शनं डॉक्टर याच्यावरच देतात.

कपडे काढा, साबण-पाण्यानं धुवा, धुणाऱ्यानं हातात पन्नी घाला, बाटली नाहीतर तिचं लेबल सोबत न्या. तूप, दूध, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका.

अन् हे लय कमी लोकांना माहीत असते: पहिल्या दिवशी सुधारलेला माणूस एक ते चार दिवसांत परत बिघडू शकते. उशीवरून मान उचलत नाही, पापणी जड, गिळता येत नाही, मग श्वास. म्हणून "आता बरा आहे, सोयाबीन राह्यलं" म्हणून सुट्टी मागून घरी आणू नका. मान उचलून दाखवायला सांगणं ही त्याची सोपी परीक्षा आहे.

रात्री खाली झोपला होता, सकाळी पोट दुखते म्हणे अन् डोळे उघडत नाहीत. कुठं चावल्याचं दिसत नाही.

पावसाळ्यात असं कोणी सांगितलं की मी पहिलं मण्यारच धरतो. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, दाताचा ठसाही नीट दिसत नाही. तिचं अन् नागाचं विषसुद्धा नस अन् स्नायूच्या जोडावरच बसते, फक्त इथं उलटं, बटन दाबलं तरी मोटर फिरत नाही. सगळ्यात आधी पापण्या पडतात, मग एकाचे दोन, मग गिळणं, बोलणं, मग छाती. मण्यारच्या माणसाचे हातपाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, पण मेंदू जागा असू शकते, त्याला तुमचं सगळं ऐकू येत असते. म्हणून त्याच्यासमोर रडारड करू नका अन् गेला म्हणून ठरवू नका, व्हेंटिलेटरवर ठेवून अशी माणसं चालत घरी आलेली आहेत. करकचून दोरी बांधणं नाही, कापणं नाही, मांत्रिक नाही. जिथं सापाचं इंजेक्शन अन् श्वासाची मशीन आहे तिथं थेट.

खर्रा खाऊन तोंड दोन बोटंच उघडते. जबड्याची नस आखडली का?

नस ठणठणीत आहे, मोटरच जाम झाली आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी दोरखंडासारखी कडक होते, पन्नीत घोटलेल्या खर्र्यात सुपारी अन् तंबाखू दोन्ही असतात म्हणजे दोन्हीकडून मार. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाखवा. मशीननं, मालिशनं ते सुटत नाही, आधी खर्रा सुटायला पाहिजे, मग तोंड उघडायचा व्यायाम मी सांगतो.

नसेचा संबंध पुढं येते. जिभेवरची किंवा घशातली जखम भरत नाही अन् कान दुखते, कानात तर काहीच नाही, तर ते दुखणं पाचव्या-नवव्या नसेवरून कानात चाललंय. खालचा ओठ-हनुवटी बधिर होणं, जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळणं (ज्या बाजूला वळते ती बाजू कमजोर), हे ऐकलं की मी व्यायाम सांगत नाही, सरळ चिठ्ठी देऊन कॅन्सरची तपासणी करायला पाठवतो. लोक रागावतात.

मानेवर कानाखाली दोरीसारखी नस दिसते अन् डोळा नीट मिटत नाही, तोंड तर सरळ आहे.

कुष्ठरोग तपासून घ्या. लाज बाळगायचं कारण नाही, कुष्ठरोग्यांसाठी काढलेलं वरोऱ्याचं आनंदवन १९४९ चं अन् वर्ध्याचं दत्तपूर त्याच्याही आधीचं, १९३६ चं, हा रोग आपल्या भागाला नवा नाही. हा जंतू नसेत घर करते अन् त्याला शरीराच्या थंड जागा आवडतात, चेहरा त्यातलाच. सातव्या नसेची डोळ्याकडची फांदी गेली की डोळा उघडा राहते, पाचवी गेली की कचरा गेलेला कळत नाही, दोन्ही मिळून डोळा संपवतात. कानाखालची ती दोरी मात्र डोक्याची नस नाही, मानेच्या मणक्यातून आलेली आहे, ती जाड झाली की मान वळवल्यावर डोळ्यानं दिसते. सोबत बधिर चट्टा आहे का पाहा. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, प्रकाराप्रमाणे सहा महिने नाहीतर बारा.

कूस बदलली की घर फिरते. मेंदूची नस?

बहुतेक वेळा नाही. कानाच्या आत तोलाच्या नळ्या आहेत, तिथं चुन्याचे बारीक कण सुटून नळीत शिरतात, डोकं हललं की कण हलतात अन् आठवी नस मेंदूला चुकीची खबर देते. मिनिटाच्या आत थांबते. डोकं ठरावीक कोनात फिरवून ते कण परत जागेवर आणता येतात, बऱ्याचदा एका बैठकीत, त्यासाठी महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या खायची गरज नाही. चक्करसोबत बोलणं जड, चालता न येणं असेल तर वरचं लकव्याचं उत्तर वाचा.

फटफटीवरून पडला, डोक्याला लागलं, आता वास येत नाही.

पहिल्या नसेच्या बारीक तारा नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात, डोकं आपटलं की मेंदू हलते अन् तारा तुटतात. काहींना परत येते, काहींना नाही. घरात गॅस असेल तर दुसऱ्या कोणाला लक्ष ठेवायला सांगा, अन् जेवण बेचव लागते म्हणून बायकोवर चिडू नका, स्वयंपाक तोच आहे.

एकाचे दोन दिसतात.

एक डोळा झाकून पाहा, दोनाचं एक झालं तर बुबुळ फिरवणाऱ्या नसेचा प्रश्न आहे. शुगरवाल्यांत होते अन् बहुधा तीनेक महिन्यांत आपोआप भरून येते. पण पापणी पडलेली, बाहुली मोठी झालेली अन् डोकं भयंकर दुखत असेल तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते, त्याच दिवशी जा.

कान कोरताना खोकला काहून येते?

कानाच्या नळीत दहाव्या नसेची एक फांदी आहे, अन् दहावी घशालाही जाते, मेंदूला वाटते घशातच काही अडकलं. हीच नस हृदयाला ब्रेक लावते, म्हणून रक्त पाहून पैलवान गडी धाडकन पडते. आवाजाची डावी फांदी तर गळ्यातून छातीत उतरून मोठ्या धमनीखालून वळसा घालून परत गळ्यात येते, त्यामुळं आवाज बसला तरी दोष छातीत असू शकते. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल, त्यात बिडी-खर्रा असेल, तर हळद-दूध बंद करून घसा दाखवा.

मानेची नस दबली, हाताला मुंग्या येतात. हे यातलंच ना?

हे यातलं नाही, ते मणक्यातून निघणाऱ्या नसांचं, मानेत मणके सात अन् नसांच्या जोड्या आठ. मानेतल्या नसांपैकी या बारांतली एक लक्षात ठेवा, अकरावी. ती मानेच्या बाजूला कातडीच्या अगदी जवळून जाते. टीबीची गाठ तपासायला तिथून तुकडा काढला अन् नंतर खांदा खाली उतरला, डोक्यावर भारा घेताना हात वर जात नाही, तर तुकडा काढल्यामुळं आळस आला असं समजू नका, लवकर दाखवा.

दाढी-कटिंग झाल्यावर मान कडकन मोडून घेतो, मोकळं वाटते. चालते ना?

मोडून घेऊ नका. मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन नळ्या वर जातात, झटक्यानं पिरगाळलं तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकते अन् तिथून लकवा येऊ शकते. रोज होत नाही, पण ज्याला होते त्याला कटिंगचे पैसे महाग पडतात. आमच्या सलूनवाल्या भाऊला मी हे समजावलं, त्यानं ऐकलं अन् म्हणे मंग चंपी तरी करू का. चंपी करा.